दाराशी थांबलेला सहाय्यक : स्पर्धा कायदा आणि फोनमधील कृत्रिम बुद्धी

१/
२८ ऑक्टोबर २०२४ रोजी ॲपल कंपनीने आयफोनसाठी ‘आयओएस १८.१’ ही प्रणाली खुली केली. तिच्यासोबत ‘ॲपल इंटेलिजन्स’ या नावाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सुविधांचा पहिला संच अमेरिकी वापरकर्त्यांच्या हाती आला. युरोपीय संघातील ग्राहकाच्या तशाच आयफोनवर मात्र या सुविधा उमटल्या नाहीत. गंमत अशी, की त्याच ग्राहकाच्या टेबलावरील मॅक संगणकावर, भाषा अमेरिकी इंग्रजी ठेवल्यास, त्या चालत होत्या. कंपनी तीच, ग्राहक तोच, सुविधाही त्याच. फरक एवढाच होता, की आयफोनची प्रणाली एका नव्या कायद्याच्या कक्षेत होती आणि मॅकची नव्हती.

२/
हा कायदा म्हणजे युरोपीय संघाचा ‘डिजिटल मार्केट्स ॲक्ट’. तेव्हापासून एक प्रश्न वारंवार विचारला जातो : स्पर्धेचे नियमन केल्याने नागरिकाच्या हाती नवे तंत्रज्ञान उशिरा पोहोचते का? की नियमनाविना ते एकाच मालकाच्या मर्जीवर राहते? हा वाद आजचा भासतो. वस्तुतः त्याचे वय सत्तर वर्षांहून अधिक आहे. त्याची सुरुवात स्मार्टफोनपासून होत नाही. ती तारेच्या टेलिफोनला लावायच्या एका साध्या वाटीसारख्या उपकरणापासून होते.

३/
विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतील दूरध्वनी सेवा बहुतांशी ‘एटी अँड टी’ या कंपनीच्या हाती होती. घरातील फोनसंचही कंपनीचाच असे. ग्राहक तो भाड्याने वापरी. कंपनीने न पुरवलेली कोणतीही वस्तू त्याला जोडण्यास मनाई होती. ‘हश-अ-फोन’ नावाचे एक उपकरण बोलण्याच्या भागावर बसवले, की आजूबाजूच्यांना संभाषण ऐकू जात नसे. त्यात ना तार होती, ना वीज. तरीही कंपनीने त्याला हरकत घेतली. परक्या वस्तूंमुळे संपूर्ण जाळ्याच्या गुणवत्तेला बाधा येईल, असा तिचा युक्तिवाद होता.

४/
फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या नियामकाने प्रथम कंपनीची बाजू उचलून धरली. १९५६ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला. सार्वजनिक हानी होत नसेल, तर ग्राहकाला आपला फोन आपल्या सोयीने वापरण्याचा अधिकार आहे, हे त्या निकालाचे सार. पुढे टेक्सासमधील टॉम कार्टर यांनी ‘कार्टरफोन’ बनवला. दुहेरी रेडिओवरून बोलणाऱ्याला हे यंत्र टेलिफोनच्या जाळ्याशी जोडून देत असे. १९६८ मध्ये आयोगाने त्याच्या बाजूने कौल दिला आणि परक्या उपकरणांवरील सरसकट बंदी रद्द ठरवली.

५/
निकाल लागला, पण दार लगेच उघडले नाही. कंपनीने नवी अट घातली : परके उपकरण जोडायचे असेल तर मध्ये कंपनीचेच ‘संरक्षक’ साधन बसवावे. ही अट दूर होऊन प्रमाणित उपकरणे थेट जोडण्याची पद्धत रुजायला १९७० च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला. त्यानंतर मात्र उत्तरयंत्रे, फॅक्स आणि मोडेम यांना मोकळी वाट मिळाली. ज्या मोडेममधून पुढे घरोघरी इंटरनेट पोहोचले, त्याचा मार्ग एका वाटीच्या खटल्याने आखून दिला होता. या प्रकरणातून दोन गोष्टी ध्यानात राहतात. जाळ्याच्या सुरक्षेचा युक्तिवाद जुना आहे. आणि निकाल व उपलब्धता यांच्यामध्ये अनेकदा वर्षे जातात.

६/
दुसरा अध्याय मायक्रोसॉफ्टचा. मार्च २००४ मध्ये युरोपीय आयोगाने या कंपनीला ४९.७ कोटी युरोंचा दंड ठोठावला. दोष दोन होते. विंडोजसोबत स्वतःचा मीडिया प्लेयर बांधून विकणे हा एक. विंडोजशी नीट संवाद साधण्यासाठी प्रतिस्पर्ध्यांच्या सर्व्हरना लागणारी तांत्रिक माहिती दडवणे हा दुसरा. दोन दोषांवर दोन वेगवेगळे उपाय योजले गेले, आणि त्या दोन उपायांचे भवितव्य इतके भिन्न ठरले, की पुढील वीस वर्षांचे नियमन समजून घेण्यास तेवढा फरक पुरेसा आहे.

७/
पहिला उपाय असा : मीडिया प्लेयर नसलेली विंडोजची एक आवृत्ती युरोपात विक्रीस ठेवावी. त्यातून ‘विंडोज एक्सपी एन’ जन्मली. किंमत मूळ आवृत्तीएवढीच, सुविधा मात्र एक कमी. ती विकत घ्यायला ना संगणक-उत्पादक पुढे आले, ना ग्राहक. न्यायालयात जिंकलेला उपाय दुकानात हरला. ग्राहकाच्या हातातून काहीतरी काढून घेऊन स्पर्धा वाढत नाही, हा धडा ब्रुसेल्सने येथे घेतला.

८/
दुसऱ्या उपायाची कथा निराळी. तांत्रिक माहिती खुली करण्यास कंपनीने दीर्घकाळ टाळाटाळ केली. सप्टेंबर २००७ मध्ये युरोपीय न्यायालयाने आयोगाचा निर्णय उचलून धरला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये ‘साम्बा’ या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाला ती कागदपत्रे मिळाली. लिनक्सवर चालणारे सर्व्हर विंडोजच्या जाळ्यात सहजपणे नांदावेत, हे या प्रकल्पाचे काम. या उपायात ग्राहकाकडून काहीच हिरावले गेले नव्हते. मालकाच्या भिंतीला फक्त एक दार पाडले गेले होते. एकाच निकालातील हा भाग टिकला.

९/
२००९ मध्ये आणखी एक प्रसंग घडला. इंटरनेट एक्सप्लोररवरून चौकशी सुरू असताना मायक्रोसॉफ्टने जाहीर केले, की युरोपात विंडोज ७ ब्राउझरविनाच विकली जाईल. नियामकाला हवी होती निवड. कंपनीने देऊ केली उणीव. पुढे हा बेत मागे पडला आणि डिसेंबर २००९ मध्ये ‘निवड-पडदा’ दाखवण्याची हमी कंपनीने दिली : अनेक ब्राउझर समोर मांडायचे, ग्राहकाने हवा तो घ्यायचा. काही काळ हा पडदा सुमारे दीड कोटी वापरकर्त्यांना दिसलाच नाही, म्हणून मार्च २०१३ मध्ये ५६.१ कोटी युरोंचा दंड झाला.

१०/
यानंतर रणभूमी खिशात आली. जुलै २०१८ मध्ये अँड्रॉइडसंदर्भात आयोगाने गूगलला ४३४ कोटी युरोंचा दंड केला. २०२२ मध्ये न्यायालयाने तो ४१२.५ कोटींवर आणला. फोन-उत्पादकांना गूगलचे ॲप-दुकान हवे असेल, तर शोधयंत्र आणि ब्राउझरही आधीच बसवून द्यावे लागत, हा आरोपांपैकी एक प्रमुख आरोप. परंतु चौकशी, निकाल, अपील या क्रमात बाजार इतका पुढे निघून जाई, की औषध पोहोचेपर्यंत रोगी बदललेला असे. म्हणून युरोपने पद्धतच बदलली : खटल्याची वाट न पाहता नियम आधीच घालून द्यायचे.

११/
‘डिजिटल मार्केट्स ॲक्ट’ १ नोव्हेंबर २०२२ रोजी अमलात आला. ज्या कंपनीची सेवा युरोपीय संघात दरमहा ४.५ कोटींहून अधिक लोक वापरतात आणि जिची उलाढाल वा बाजारमूल्य ठरावीक मर्यादेपलीकडे आहे, तिला ‘द्वारपाल’ म्हणून नेमता येते. ६ सप्टेंबर २०२३ रोजी पहिले सहा द्वारपाल जाहीर झाले : अल्फाबेट, ॲमेझॉन, ॲपल, बाइटडान्स, मेटा आणि मायक्रोसॉफ्ट. ७ मार्च २०२४ पासून त्यांच्यावर कर्तव्ये बंधनकारक झाली. उल्लंघन झाल्यास जागतिक उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत आणि पुनरावृत्ती झाल्यास २० टक्क्यांपर्यंत दंड.

१२/
या कायद्याच्या सहाव्या कलमातील सातवे उपकलम आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. द्वारपाल आपल्या स्वतःच्या सेवांसाठी फोनचे जे अंतरंग वापरतो, ते अंतरंग त्याने इतरांच्या सेवांनाही विनामूल्य आणि परिणामकारक रीतीने वापरू द्यावे, असे ते सांगते. ‘साम्बा’च्या वेळी जे एका निकालापुरते होते, ते येथे सर्वसाधारण नियम झाले. ‘एक्सपी एन’चा फसलेला मार्ग सोडून दार पाडण्याचा मार्ग कायद्याने निवडला, असे म्हणता येईल.

१३/
कृत्रिम बुद्धीचा सहाय्यक या नियमाला एवढा अवघड का जातो? कारण तो साधे ॲप नव्हे. ‘आईच्या विमानाची वेळ काय?’ या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी त्याला ईमेल, संदेश आणि दिनदर्शिका वाचावी लागते. पडद्यावर काय आहे ते पाहावे लागते. एका ॲपमधील माहिती दुसऱ्यात न्यावी लागते. हाक मारताच जागे व्हावे लागते. हे सर्व अधिकार प्रणालीचा मालक स्वतःपाशी राखून ठेवतो. सहाय्यकांमध्ये खरी स्पर्धा हवी असेल, तर घराच्या सर्वांत आतल्या खोलीची किल्ली परक्याच्या हाती द्यावी लागते. येथेच स्पर्धा आणि खासगीपणा ही दोन मूल्ये समोरासमोर येतात.

१४/
१० जून २०२४ रोजी ‘ॲपल इंटेलिजन्स’ची घोषणा झाली. अवघ्या अकरा दिवसांनी, २१ जून रोजी, कंपनीने सांगितले की नव्या कायद्यामुळे उद्भवलेल्या अनिश्चिततेपोटी तीन सुविधा त्या वर्षी युरोपीय संघात येणार नाहीत. ‘ॲपल इंटेलिजन्स’ ही त्यांपैकी एक. आयफोनचा पडदा मॅकवर दाखवणारी ‘आयफोन मिररिंग’ दुसरी आणि ‘शेअरप्ले’मधील पडदा-वाटपाच्या सुधारणा तिसरी. इतरांशी जुळवून घेण्याच्या सक्तीमुळे उत्पादनाची सुरक्षितता धोक्यात येईल, असे कारण देण्यात आले.

१५/
स्पर्धा विभागाच्या तत्कालीन आयुक्त मार्ग्रेथ वेस्टेयर यांनी या निवेदनाचा अर्थ उलटा लावला. जेथे स्पर्धा करणे बंधनकारक आहे तेथेच कंपनी सुविधा आणत नसेल, तर या सुविधेमुळे स्पर्धा खुंटते याची ती स्वतःच कबुली देत आहे, असा त्यांच्या प्रतिक्रियेचा रोख होता. एक निवेदन आणि दोन वाचने. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे दृश्य परिचित असते. दोन्ही बाजू साक्षीदार आहेत आणि दोन्ही बाजूंचा निकालात स्वार्थ आहे. अशा वेळी शब्दांपेक्षा घटनाक्रम अधिक विश्वासार्ह ठरतो.

१६/
घटनाक्रम काय सांगतो? सुविधा रोखण्याचा कोणताही आदेश आयोगाने दिला नव्हता. कायद्यातील सेवांच्या यादीत ‘आभासी सहाय्यक’ हा वर्ग आहे. पण सप्टेंबर २०२३ च्या यादीत एकाही सहाय्यकाची नेमणूक झाली नव्हती. बंधन होते ते प्रणालीवर : आयफोनच्या प्रणालीवर आधीपासून आणि आयपॅडच्या प्रणालीवर एप्रिल २०२४ पासून. मॅकची प्रणाली यादीबाहेर होती, म्हणून तेथे सुविधा चालली. याचा अर्थ कायदा आणि विलंब यांचा संबंध खरा होता. मात्र तो संबंध ‘बंदी’चा नव्हता. कायद्याने किंमत ठरवली. ती मोजायची की थांबायचे, हा निर्णय कंपनीचा होता.

१७/
तथापि प्रत्येक विलंबाचे खापर स्पर्धा कायद्यावर फोडणे ही चूक ठरेल. गूगलचा ‘बार्ड’ मार्च २०२३ मध्ये अमेरिका व ब्रिटनमध्ये आला. युरोपीय संघात तो जुलैमध्ये पोहोचला. ‘मेटा एआय’ युरोपात मार्च २०२५ पर्यंत रेंगाळला. या दोन्ही ठिकाणी अडसर होता वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा. चीनमध्ये कृत्रिम बुद्धीच्या सेवांना सरकारी मंजुरी लागते. ती वाट पूर्णतः वेगळी आहे. आणि ॲपलने जून २०२४ मध्ये दाखवलेली अधिक हुशार ‘सिरी’ मार्च २०२५ मध्ये जगभरासाठीच पुढे ढकलली गेली. तेथे कोणताही नियामक आडवा आला नव्हता. काम तयार नव्हते, इतकेच.

१८/
३१ मार्च २०२५ रोजी ‘आयओएस १८.४’ आली आणि युरोपीय संघातील आयफोन व आयपॅडवर ‘ॲपल इंटेलिजन्स’ सुरू झाले. विलंब पाच महिन्यांचा. या काळात कायद्याचे एक अक्षरही बदलले नव्हते. उलट त्याच महिन्यात आयोगाने इतर कंपन्यांची उपकरणे आयफोनशी कशी जुळली पाहिजेत, याचे तपशीलवार आदेश ॲपलला दिले होते, ज्यांना कंपनीने पुढे न्यायालयात आव्हान दिले. ‘आयफोन मिररिंग’ मात्र तेव्हाही आली नाही. एअरपॉड्समधील थेट भाषांतराची सुविधा सप्टेंबर २०२५ मध्ये अन्यत्र आली, युरोपात डिसेंबरमध्ये. म्हणजे काही दारे उशिरा उघडली, काही बंदच राहिली. या विलंबाची झळ सामान्य वापरकर्त्याला बसली, हे नाकारता येत नाही.

१९/
आता नाण्याची दुसरी बाजू. जपानने जून २०२४ मध्ये स्मार्टफोनच्या सॉफ्टवेअरमधील स्पर्धेसाठी स्वतंत्र कायदा संमत केला. १८ डिसेंबर २०२५ पासून तो पूर्णपणे लागू झाला. त्यानुसार ॲपलने जपानमधील आयफोनवर एक मुभा दिली : बाजूचे बटण दाबून धरल्यावर ‘सिरी’ऐवजी दुसऱ्या कंपनीचा बोलका सहाय्यक उघडता येईल. जगातील कोट्यवधी आयफोनधारकांना न मिळालेली ही निवड जपानी ग्राहकाला मिळाली, ती स्पर्धा कायद्यामुळेच. नियमन एका देशात सहाय्यकाला दाराशी थांबवते आणि दुसऱ्या देशात त्याला आत घेते.

२०/
इटलीतील प्रकरण याहून बोलके आहे. व्हॉट्सॲपमध्ये मेटाने स्वतःचा सहाय्यक आणून बसवला. पुढे नियम बदलून इतर कंपन्यांच्या सर्वसाधारण सहाय्यकांना १५ जानेवारी २०२६ पासून तेथे मज्जाव करण्याचे ठरवले. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने डिसेंबर २०२५ मध्ये या बदलाला अंतरिम आदेशाने लगाम घातला. युरोपीय आयोगानेही त्याच महिन्यात चौकशी सुरू केली. येथे उपलब्धता घटवणारी होती कंपनी आणि ती टिकवू पाहणारा होता नियामक. जून २०२४ मधील चित्राच्या अगदी उलट.

२१/
अमेरिकेचा मार्ग आजही खटल्यांचा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी शोधसेवेतील मक्तेदारीबद्दल गूगलला दोषी ठरवले. उपायांच्या सुनावणीत हेही उघड झाले, की सॅमसंगच्या फोनवर ‘जेमिनाय’ आधीच बसवून देण्यासाठी गूगल पैसे मोजत होती. सप्टेंबर २०२५ च्या निकालात न्यायालयाने अशा वितरणातील एकाधिकाराच्या करारांना मनाई केली आणि त्या यादीत शोधयंत्र व ब्राउझर यांच्या बरोबरीने ‘गूगल असिस्टंट’ आणि ‘जेमिनाय’ यांचीही नावे घातली. जुन्या मक्तेदारीच्या खटल्यात नव्या तंत्रज्ञानाची तजवीज झाली, ती अशी.

२२/
भारत या नकाशावर कोठे आहे? १९६९ चा मक्तेदारीविरोधी कायदा जाऊन २००२ चा स्पर्धा कायदा आला. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइड प्रकरणी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती नाकारल्यावर कंपनीने भारतापुरते काही नियम सैल केले. मार्च २०२४ मध्ये युरोपच्या धर्तीवर आगाऊ नियम घालणाऱ्या ‘डिजिटल स्पर्धा विधेयका’चा मसुदाही प्रसिद्ध झाला. त्यावरील चर्चेत दोन्ही भीती हजर होत्या : नियम केले तर नव्या सुविधा उशिरा येतील, न केले तर देशी उद्योगाला दारातच अडवले जाईल.

२३/
मराठी वापरकर्त्यासाठी यात आणखी एक पदर आहे. जून २०२४ मध्ये ‘जेमिनाय’चे ॲप भारतात आले, ते मराठीसह नऊ भारतीय भाषा घेऊन. ‘ॲपल इंटेलिजन्स’ने एप्रिल २०२५ च्या सुमारास भारतीय इंग्रजी स्वीकारली, त्या टप्प्यातील भाषांच्या यादीत मराठी नव्हती. भारतात युरोपसारखा कायदा नसताना हे घडले. तेव्हा एखादा सहाय्यक हाती येतो की नाही, हे केवळ नियमनावर ठरत नाही. भाषेचे बाजारमूल्यही ते ठरवते. आणि जेथे मोठ्या कंपनीला एखादी भाषा परवडत नाही, तेथे ती भाषा बोलणारा सहाय्यक दुसऱ्या कोणी बनवलाच, तर त्याला फोनच्या आतल्या खोलीत प्रवेश मिळेल का, हा प्रश्न पुन्हा स्पर्धा कायद्याच्याच दाराशी येऊन थांबतो.

२४/
‘हश-अ-फोन’पासून जपानच्या बटणापर्यंतचा हा प्रवास एक साधा निष्कर्ष सुचवतो. नियमनाची किंमत तत्काळ दिसते : पाच महिने न आलेली सुविधा प्रत्येकाला मोजता येते. नियमनाच्या अभावाची किंमत मात्र दिसत नाही. कारण जे उपकरण जोडूच दिले गेले नाही, त्याची उणीव कोणाला भासणार? १९५० च्या दशकात मोडेमची आठवण कोणालाही येत नव्हती. त्यामुळे ‘कायद्यामुळे काय अडले?’ हे विचारताना त्याच्या जोडीने दुसरा प्रश्नही विचारावा लागतो : कायदा नसता, तर कोणती वस्तू आपल्यापर्यंत कधी पोहोचलीच नसती? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कंपन्यांच्या निवेदनांत सापडते. दुसऱ्याचे उत्तर शोधायला इतिहासच वाचावा लागतो.